नागपूरहून अरोरा बघायला निघताय? आम्ही जिथं जिथं अडकलो ते आधी वाचून घ्या

मागच्या फेब्रुवारीत मी आणि आई नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन आलो, आणि तेव्हापासून ऑफिसात, कॉलनीत, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारून राहिला: अरोराचं, म्हणजे ध्रुवाजवळच्या देशांत रात्री आकाशात नाचणाऱ्या प्रकाशाचं, ते हिरवं आकाश खरंच दिसतं का, आणि खर्च किती आला. दिसतं. दोघांचे मिळून साडेपाच लाखाच्या वर गेले. प्रत्येकाला तोंडी सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, ज्याला जायचंय त्यानं चहा घेऊन बसा, लांब आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या ट्रिपमध्ये तुमचं सगळं बुकिंग परफेक्ट असलं तरी शेवटचा शब्द ढगांचा असतो. ज्यांनी हे मनावर घेतलं नाही ते रिकाम्या हातानं परत आलेले मी तिथं डोळ्यांनी पाहिलेत.

१. आधी समजून घ्या हे प्रकरण आहे काय

हा भाग सोडून खाली कागदपत्रांवर जाऊ नका, कारण हे कळलं असेल तरच रात्री बाहेर कधी थांबायचं आणि कधी गाडीत बसायचं ते कळतं.

अरोराला मराठीत ध्रुवीय प्रकाश म्हणतात. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो आणि रात्रीच्या बाजूला त्या क्षेत्राची लांबच लांब शेपूट ओढली जाते. रबर ताणल्यासारखी ती ताणत जाते आणि एका क्षणी तुटून परत जुळते, तेव्हा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून खाली ध्रुवांकडे सुसाट फेकले जातात आणि साधारण १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात. मग तो वायू चमकतो, दुकानावरच्या निऑनच्या पाटीसारखाच, आत वीज खेळवली की वायू आपापल्या रंगात पेटतो. सूर्याचे कण ध्रुवाच्या भोकातून सरळ खाली पडतात असं बरेच जण सांगतात, मीही आधी तेच समजत होतो, पण मधला हा ताणाताणीचा खेळ फार महत्त्वाचा आहे.

नॉर्वेच्याच क्रिस्तियान बिर्केलान या शास्त्रज्ञानं निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन सोडले होते आणि गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटवून दाखवली होती. त्याच्यासाठी १८९९ मध्ये उत्तरेत हाल्डे डोंगरावर वेधशाळा बांधली होती. पूर्वी नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचा फोटो असायचा.

रंगांची गंमत मला सगळ्यात जास्त आवडली. हिरवा रंग ऑक्सिजनचा, १०० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यातला. लाल रंगसुद्धा ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वरचा. एकाच वायूचे दोन रंग कसे? तर धडक बसलेल्या ऑक्सिजनच्या अणूला हिरवा प्रकाश सोडायला एक सेकंदही लागत नाही, पण लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्याला कोणाचा धक्का लागला तर ती ऊर्जा त्या धक्क्यातच जाते, प्रकाश निघतच नाही. आता दिवाळीच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या मेन रोडवर दोन मिनिटं कोणाचा धक्का न लागता उभं राहून दाखवा! खाली हवेची तशीच गर्दी असते, म्हणून लाल फक्त वर, जिथं हवा विरळ आहे तिथं. आणि अरोरा आकाशात पडद्यासारखा लटकतो, त्या पडद्याच्या अगदी खालच्या काठाला कधी कधी गुलाबी-जांभळी किनार दिसते, ती नायट्रोजनची.

आता कामाची गोष्ट. ती शेपूट तुटते तेव्हा आकाशात जो प्रकार होतो त्याला तीन टप्पे असतात. आधी एक शांत, फिकट कमान, बराच वेळ तशीच पडून. मग अचानक ती पेटते, पडदे हलतात, नाचतात, डोक्यावर येतात, आणि हे काही मिनिटांत आटोपतं. त्यानंतर फिकट ठिपके आकाशभर उघडझाप करत राहतात. म्हणून कमान दिसली, फोटो झाला, चला गाडीत, असं करू नका. खरा तमाशा पुढे असतो.

२. कुठं आणि कधी

जितकं उत्तरेला तितकं चांगलं, हा पहिला गैरसमज. अरोरा थेट ध्रुवावर सगळ्यात जास्त नसतो, तो चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यात असतो. ट्रॉम्सो साधारण ६९.६ अंश उत्तरेला, बरोब्बर त्या कड्याखाली. स्वालबार्ड ७८ अंशांवर, म्हणजे रात्रीच्या वेळी बरेचदा कड्याच्या आत, पलीकडे. ट्रॉम्सो, स्वीडनचं अबिस्को, फिनलंडचा वरचा लॅपलँड, आइसलँड, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ, यातलं काहीही निवडा.

सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर. उन्हाळ्यात अरोरा नसतो असं नाही, पण तिथं तेव्हा रात्रच होत नाही. आणि उलट, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड आणि परत अंधार. काहींना ते आवडतं. आईला सात दिवस सूर्याशिवाय ठेवायची माझी हिंमत नव्हती म्हणून आम्ही फेब्रुवारीचा शेवट धरला, दिवस पण मिळतो आणि रात्र पण भरपूर.

"सूर्याचा कमाल काळ संपला का?" हे पण बरेच विचारतात. सूर्यावरची खळबळ सुमारे ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान संस्था) यांनी सूर्य कमाल टप्प्यात आल्याचं जाहीर केलं. पण तुम्ही कड्याखालीच उभे असाल तर फार फरक पडत नाही, तिथं शांत वर्षातही अरोरा येतो. कमाल काळाचा फायदा खाली, दक्षिणेकडे राहणाऱ्यांना. १० मे २०२४ च्या सौर वादळात लडाखच्या हानलेमधून कॅमेऱ्यांनी लाल आकाश टिपलं, लालच का ते आता तुम्हाला कळलं असेल, इतक्या दुरून पडद्याचा फक्त वरचा शेंडा क्षितिजावर येतो. आणि ४ फेब्रुवारी १८७२ ला तर मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे! त्याआधी १८५९ च्या महावादळात कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंद सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आदळली होती, आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद वापरतात. नंतर मुंबईत विजेच्या ट्राम आल्या, त्यांच्या विजेनं चुंबकीय मोजणीत गडबड होऊ नये म्हणून ते काम अलिबागला हलवलं.

तरी हानलेच्या भरवशावर बसू नका. ती लॉटरी आहे.

३. किती रात्री ठेवायच्या

कमीत कमी चार, आमच्यासारख्या पाच ठेवल्या तर झोप लागते. बरेच पॅकेजवाले दोन रात्री ट्रॉम्सो आणि बाकी दिवस ऑस्लो-बर्गन दाखवतात. आमच्या पाचपैकी तीन रात्री नुसते ढग आणि बर्फ. दोन रात्रींचं पॅकेज घेतलेलं पुण्याचं एक जोडपं आमच्याच हॉटेलात होतं, ते दुसऱ्या रात्री लॉबीत बॅगा भरून बसलेले, बाहेर बर्फ भुरभुरतोय, काही बोलावं तरी काय.

पौर्णिमेची भीती घेऊ नका. चंद्रप्रकाशात फिकट अरोरा मरतो हे खरं, पण जोरदार असेल तर दिसतो, आणि बर्फाचे डोंगर फोटोत उजळून निघतात.

४. कागदपत्रं

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते जास्तीत जास्त पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, पंधरा दिवसांवर ठेवू नका बाप्पा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. बायोमेट्रिकला आम्ही दुरांतोनं मुंबईला जाऊन आलो.

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर तीन महिने व्हॅलिड, दहा वर्षांच्या आतला, दोन पानं कोरी
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो
- कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स
- बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह, आणि इन्कम टॅक्स रिटर्न
- ऑफिसचं रजेचं पत्र, सॅलरी स्लिप
- विमान आणि हॉटेल बुकिंग, दिवसवार प्लॅन, कव्हर लेटर
- आईसाठी: पेन्शनचं स्टेटमेंट, मी खर्च करतोय असं पत्र, आणि ती माझीच आई आहे हे दाखवायला माझा जन्मदाखला

आमची फजिती इन्शुरन्समध्ये झाली. पॉलिसी काढून देणाऱ्यानं परतीची तारीख नागपुरातून निघाल्यापासून दिवस मोजून टाकली आणि ऑस्लोतून विमान सुटायच्या एक दिवस आधीच पॉलिसी संपत होती. मी ती बघितलीच नाही, काउंटरवरच्या मुलीनं बघितली. मग फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर नवी पॉलिसी, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट, पळत परत वर. तेव्हा पॉलिसीची शेवटची तारीख आणि विमानाची तारीख शेजारी ठेवून दोनदा वाचा. दुसरं, आईच्या पासपोर्टवर आणि पेन्शनच्या कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं तर ते महिनाभर आधी निस्तरायला घ्या.

खाण्याचं पण इथंच सांगून टाकतो. नॉर्वेत युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे खव्याची संत्रा बर्फी घरीच. चिवडा, मेतकूट, कोरड्या चटण्या, खाकरे चालतात. आईनं दोन किलो चिवडा नेला होता, मी भांडलो होतो, तिसऱ्या दिवशी जेवणाचं बिल बघून माफी मागितली.

५. कपडे

४५ अंशांत कूलरसमोर वाढलेल्या माणसाला उणे २० म्हणजे काय ते सांगून कळत नाही. नाकातले केस कडक होतात, पापण्यांवर पांढरं जमतं, आणि मफलरवर जिथं श्वास लागतो तिथं बर्फाचा पापुद्रा. ट्रॉम्सो गाव समुद्राकाठी असल्यामुळे तितकं थंड नसतं, शून्याच्या थोडं खाली, पण अरोरासाठी मोकळं आकाश शोधत गाड्या आत फिनलंडच्या सीमेकडे जातात आणि तिथं पारा धाडकन पडतो.

एक जाड जॅकेट घालून भागत नाही. तीन थर हवेत: अंगाला चिकटून थर्मल, लोकरीचं असेल तर उत्तम, सुती अजिबात नको कारण घामानं ओलं झालं की बर्फाचा गोळा. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. सगळ्यात वर वारा अडवणारं. मधल्या थरासाठी आम्ही दुकानात गेलोच नाही, थंडीत नागपुरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथं गेलो. आईनं सवयीनं भाव करायला सुरुवात केली, तर त्या मावशींनी विचारलं, "कुठं जाता एवढं जाड घेऊन?" आईनं सांगितलं उणे वीस. मावशींनी निवडलेला स्वेटर आईच्या हातातून काढून घेतला, खालच्या गठ्ठ्यातून दुसरा ओढला, आणि म्हणाल्या हा घ्या, तो नागपूरसाठी आहे. भाव एक रुपया कमी केला नाही.

बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे घालून बूट टाइट झाले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात, हे मी करून बघितलंय. हातात आधी पातळ ग्लोव्हज, वरून मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे. बाहेरचा गरम सूट आणि बूट बऱ्याच टूरवाल्यांकडे मिळतात, बुकिंग करताना विचारा, इथून पंधरा हजाराचं जॅकेट विकत घेऊ नका जे नंतर नागपुरात कपाटातच राहणार.

६. कॅमेऱ्याची प्रॅक्टिस पेंचला करा

हा माझा सगळ्यात आवडता सल्ला आणि कोणी ऐकत नाही. आपल्या नागपूरपासून दीड-दोन तासांवरचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झाला. डिसेंबरच्या अमावास्येला सिल्लारीच्या बाजूला एक रात्र मुक्काम टाका आणि अंधारात, ग्लोव्हज घालून, टॉर्च न लावता कॅमेरा चालवून बघा. तिथं जमलं नाही तर नॉर्वेत बिलकुल जमणार नाही.

सेटिंग साधं आहे: वाइड लेन्स, अपर्चर एफ २.८ किंवा जेवढं उघडेल तेवढं, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १५ सेकंद, अरोरा जोरात नाचत असेल तर २-३ सेकंदच. फोकस मॅन्युअल, एका ठळक ताऱ्यावर झूम करून जुळवा आणि तिथंच सोडा. ट्रायपॉड लागतोच. फ्लॅश बंद, नाहीतर आजूबाजूचे वीस लोक शिव्या देतील, वेगवेगळ्या भाषांत. आजकालचे फोन नाइट मोडवर बरे फोटो काढतात, फक्त फोनलाही स्टँड हवा.

थंडीत बॅटरी बघता बघता मरते. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि बाहेरून गरम खोलीत यायच्या आधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर त्याला आतून-बाहेरून घाम फुटतो.

७. फोरकास्ट वाचताना

सगळे केपी-केपी करत असतात. केपी म्हणजे चुंबकीय खळबळीचा ० ते ९ चा आकडा, तीन तासांचा, अख्ख्या पृथ्वीचा. ट्रॉम्सोला केपी १-२ असला तरी चालतं. तुमच्या कामाचा पहिला नकाशा ढगांचा, नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर नावाचं ॲप आहे ते बघा. केपी ६ असला पण डोक्यावर ढग असले, तर तुम्हाला ढगच दिसणार.

दुसरा आकडा बीझेड. सूर्याच्या वाऱ्यासोबत येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, म्हणजे हा आकडा उणेत गेला आणि तिथं टिकला, की पृथ्वीचं दार उघडतं. हे मोजणारी यानं आपल्यापासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर, एल-१ नावाच्या बिंदूपाशी आहेत, आपलं आदित्य एल-१ पण ६ जानेवारी २०२४ पासून तिथंच आहे. तिथून वारा आपल्यापर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे पक्की खबर तासभर आधीच मिळते, त्याच्या आधीचे सगळे अंदाज.

स्वतः गाडी चालवायच्या भानगडीत पडू नका. बर्फावर, रात्री, उजव्या बाजूनं! छोट्या ग्रुपची गाडी घ्या, जी आकाश मोकळं असेल तिकडे जाते, ठरलेल्या जागी नाही. आणि पासपोर्ट खिशात ठेवा, कारण गाडी मोकळ्या आकाशामागं फिनलंडमध्ये घुसू शकते.

८. त्या रात्री

आमची चौथी रात्र. शिबोटनच्या पुढे, फिनलंडच्या सीमेजवळ गाडी थांबली, उणे २२. पाऊण तास काही नाही. मग उत्तरेला एक राखाडी पट्टा. आई म्हणाली, "ढगच आहे बाबू तो." मला पण तसंच वाटलं. हे लक्षात ठेवा, फिकट अरोरा डोळ्यांना असाच राखाडी दिसतो, कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. गाइड म्हणाला फोन धरा. फोन धरला तर स्क्रीनवर हिरवागार.

गारठून ग्रुपमधले चार जण गाडीत गेले. आम्ही थांबलो, शेपटीचं रबर मला पाठ होतं ना. सव्वाबाराच्या सुमारास तो पट्टा पूर्वेकडून पेटत आला, आणि यावेळी फोनची गरज नव्हती, डोळ्यांना सरळ हिरवा, खाली गुलाबी काठ, धुतलेली नऊवारी वाळत घातल्यावर वाऱ्यानं हलते तसा पडदा डोक्यावरून गेला. मी एकही नीट फोटो काढला नाही. बर्फावर हिरवा उजेड पडला होता आणि आईचा चेहरा हिरवा दिसत होता. आईनं हात जोडले, आणि नंतर दोन्ही हात हलवायला लागली तर गाइडनं हसून थांबवलं, म्हणे इकडे म्हातारे लोक सांगतात याला हात दाखवू नये, हा खाली येऊन उचलून नेतो. सात-आठ मिनिटं. गाडीतले चार जण धावत आले तेव्हा शेवटचा तुकडा उरला होता.

मग ते उघडझाप करणारे ठिपके सुरू झाले. नागपूर साडेचार तास पुढे, तिकडे सव्वापाच वाजले होते म्हणजे मावशी उठलेली. आईनं मिटन काढून व्हिडिओ कॉल लावला, मावशीला स्क्रीनवर अंधाराशिवाय काही दिसेना, मागं तिच्या गॅसवर चहा उकळून राहिला. आई सांगत होती, "अगं ट्यूबलाइट लागायच्या आधी फडफडते ना, तसं होऊन राहिलं, पण पूर्ण आकाशात!"

मावशी म्हणाली, "मग चोक बदला म्हणा त्यांना."